भिंतीकडची जागा

शामू, अख्ख्या कबरस्तानात तुला दुसरी जागा मिळाली नाही का रे?

चिंचेखाली होती की. पाळकसाहेब स्वतः म्हणाले होते, मास्तरांसाठी चिंचेखालची जागा बघा, सावली आहे, फाटकापासून जवळ आहे. जन्मभर मिशनच्या शाळेत पोरं शिकवलीस, अर्धं सोलापूर तुला मास्तर म्हणून ओळखतं, तेवढा मान तुझा होताच. मीही मनात धरून चालले होते की चिंचेखाली. म्हटलं, पुढं उन्हातान्हाचं जाऊन बसायला बरं. आणि फाटकातून आत शिरल्यावर तुझी पेटी सरळ जायची ती डावीकडं वळली. मला वाटलं, खांदेकरी चुकले. मी मागून ओरडलेसुद्धा, "अहो, तिकडं कुठं?" तर मार्थानं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "अक्का, तसंच ठरलंय."

ठरलंय म्हणे! तुझ्या बायकोला ठाऊक, पाळकसाहेबांना ठाऊक, खड्डा खणणाऱ्या इसाकला तर वर्षभर आधीच ठाऊक. "मास्तरांनीच दावली हुती जागा," त्यानं मला नंतर सांगितलं. "मागल्या सणाला दावीदच्या दगडाला चुना माराय आल्ते की, तवा. म्हनले, इसाक, मला हितंच ठेव, ह्येंच्या अंगाला." सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त सख्ख्या थोरल्या बहिणीला नव्हतं. कारण तुला पक्कं माहीत होतं की मी ऐकलं असतं तर तुझ्या उशाशी बसून तुला दुसरी जागा कबूल करायला लावली असती. आजारात माणूस लबाड होतो, पण तू तर धडधाकट असतानाच हे करून ठेवलंस.

दावीद म्हणजे माझे नवरे, तुझे लाडके दाजी. तुला काय नवीन सांगायचं त्यांचं! तरी सांगते. जिवंतपणी तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, आता मध्ये बोलता येत नाही तोवर सगळं ऐकून घे.

भिंतीकडची ओळ कुणासाठी आहे हे मंडळीतलं शेंबडं पोरही सांगेल. बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेली तान्ही बाळं, विहिरीत उडी घेतलेली ती चाळीतली पोरगी, आणि मंडळीनं शिस्तीखाली ठेवलेली, प्रभुभोजनाला बसायची मनाई झालेली माणसं. त्यांना मूठमाती मिळते, प्रार्थनाही होते, पण देवळाची घंटा वाजत नाही. दाजी त्या शेवटच्यांतले, त्यांच्या वेळी वाजली नाही. ते पटकीनं गेले, सोलापुरात लष्करी कायदा लागला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. त्या दिवशी मी घंटेकडं कान लावून बसले होते. ती गप्प राहिली तेव्हा मला वाटलं, चला, कुणीतरी माझी बाजू घेतली.

तुझ्यासाठी मात्र वाजली. वाजणारच. तू मास्तर, व्यासपीठावर उभा राहणारा माणूस. तुला तिकडं नेताना घंटा चालूच होती आणि त्या ओळीवर घंटेचा आवाज पडायची ती पहिलीच वेळ. बाळांवर पडला, विहिरीतल्या पोरीवर पडला, त्यांचं मला काही नाही, उलट बरंच झालं. पण दाजींवरही पडला. तू तुझ्या घंटेत त्यांची घंटा वाजवून घेतलीस, शामू. हे तुझं नेहमीचंच. जेवायला एकट्याला बोलावलं की कुणाला तरी बरोबर घेऊन यायचास.

तुला आठवतं का, मी त्या सकाळी तुझ्या दारात आले होते ते? आदल्या दिवशी सांजच्याला ते शिंदीच्या दुकानातून आले आणि भाकरी गार आहे म्हणून माझा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पण मी तुझ्याकडं आले ते त्या आवाजामुळं नाही. सकाळी गिरणीचा भोंगा झाला, ते उठले, तोंड धुतलं, आणि वहाणा चढवता चढवता मला म्हणाले, "भाकरी का न्हाय थापली गं?" टोमणा नव्हता रे तो. खरंच विचारत होते. हाताचा सुजून दुधीभोपळा झालेला, आणि माणसाला आठवतच नव्हतं! पुढं मला कुणी विचारलं की नवऱ्याला का सोडलंस, तर मी हात दाखवायचे. खरं कारण ती एवढीशी चौकशी होती. ते फक्त तुला सांगितलं होतं.

तू काय केलंस? तुझी दीड खोली, मार्था बाळंतीण, तरी तू मला आत घेतलंस आणि घरातली एकुलती खाट दिलीस. हे मी विसरलेले नाही. आपल्या चुलत्यांच्या ओळखीच्या वैदूनं हात बांधला तो वाकडा जुळला. महिनाभरानं परात पुढ्यात घेतली तर ज्वारीचं पीठ मळता येईना, भाकरी फिरेना. मग तू मला टांग्यात घालून मिशनच्या दवाखान्यात नेलंस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे हाड पुन्हा मोडून नीट बसवावं लागेल. मी उठून निघालेच होते. तू दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "अक्का, त्यांनी मोडलं आणि ह्या मोडणार, यात फरक आहे." मी म्हटलं, "तुझं हाड असतं तर फरक कळला असता." पण बसले. तू खोलीबाहेर ढसाढसा रडत होतास हे कंपाउंडरनं मला सांगितलं, त्याबद्दल मी तुला कधी चिडवलं नाही, हा माझा मोठेपणा.

आणि ती वेणी! हात बांधलेला असताना तू माझी वेणी घालायला शिकलास. मार्थाला पोरापासून उठता यायचं नाही, म्हणून शाळेत जायच्या आधी फणी घेऊन माझ्या मागं बसायचास. उंदराच्या शेपटीएवढी वेणी, तीही एका कानावर. मी तशीच देवळात जायचे, बायका तोंडात पदर घालून हसायच्या. एवढं प्रेम कुणी कुणावर करू नये, शामू. पुढं भांडायची पंचाईत होते.

पण मी भांडले. भांडले कारण दाजी गेल्यावर त्याच हाताचा तू भर देवळात दाखला दिलास. पाळकसाहेब मंगळवेढ्याच्या बाजूला खेड्यांत गेले होते आणि तू व्यासपीठावर. विषय देवाचा न्याय. आधी आईचा दाखला झाला, तो बरा होता. शनिवारी उन्हं कलल्यावर आई गोवऱ्यांवर पाणी तापवायची आणि तुला न्हाणीत धरून खरखरीत वजरीनं घासायची. तू गुरासारखा ओरडायचास आणि ती म्हणायची, "गप ऱ्हा की रं! देवाच्या दारात आसा जानार व्हय, मानंवर पुटं घिऊन?" मंडळी हसली. तू म्हणालास, देवाचा अग्नी असा आहे. आई चिडते, घासते, कातडं लाल करते, पण पोराला उंबऱ्याबाहेर ठेवत नाही. नरक आहे, पण तो कोंडवाडा नाही, न्हाणीघर आहे. इथवर मीही पदराआड हसत होते. मग तू म्हणालास, "आपल्याच मंडळीतल्या एका भगिनीचं हाड वाकडं जुळलं होतं." सगळ्या बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी हात पदराखाली घेतला. "ते पुन्हा मोडावं लागलं. ती शिक्षा होती का? नाही. ते बरं करणं होतं. प्रभू माणसाला मोडतो तो असा."

आपण घरी आलो. दारात चप्पल काढता काढता म्हटलं, "मास्तर, मोडलं त्यानं, आणि पुन्हा मोडून घेतलं मी. दोन्ही वेळा ओरडले मी. तुझ्या दाखल्यात त्याचं काय मोडलं ते सांग."

"मोडेल की, अक्का. तिकडं मोडेल."

"आणि मग?"

"मग जुळेल."

"आणि जुळून येईल माझ्या पंक्तीला बसायला? पांढरीशुभ्र कापडं घालून?"

तू डोकं खाजवलंस. "पंक्त देवाची आहे, अक्का. तुझी-माझी कुठं आहे?"

"मग मला वाढप्यांत ठेव म्हणावं. मी त्या पंक्तीला बसायची नाही." मार्था आतून म्हणाली, भाकरी निवतेय, स्वर्गाचं नंतर बघा. तिचं नेहमीच आपल्या दोघांपेक्षा बरोबर असतं.

त्यानंतर किती वेळा हा वाद झाला असेल देव जाणे. मला सोपं हवं होतं. वाईट केलं, शिक्षा झाली, विषय संपला. भिंतीकडची जागा, घंटा नाही, प्रभुभोजन नाही, आणि पुढचं काय ते पुढं. मंडळीनं एवढं तरी चोख केलं होतं. तू मात्र तेही कुरतडत बसलास. देवळाच्या वडीलमंडळींनी तुला बोलावून घेतलं, म्हणाले, "मास्तर, नरकाची धास्तीच घालवलीत तर लोक देवळात येतील कशाला?" तू मान खाली घालून म्हणालास, "धास्तीनं येणाऱ्यांना तिकडं जरा जास्त घासावं लागेल, एवढंच." झालं! सहा महिने व्यासपीठ बंद. शेवटच्या बाकावर बसायचास, पोरांबरोबर. आणि घरी येऊन मला म्हणायचास, "अक्का, मागून फार छान ऐकू येतं."

मला तुझा राग यायचा तो नरकापायी नाही, हे एकदा स्पष्ट सांगते. तू मिशनच्या साहेबांशी वाद घाल, वडीलमंडळींशी घाल, मला काय करायचंय? राग यायचा तो एकाच गोष्टीचा. त्यांच्या दगडाला दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी चुना लावून यायचास, कोपरापर्यंत पांढरा होऊन, आणि मी विचारायचे नाही, तू सांगायचा नाहीस. मला वाटायचं, माझ्या भावाच्या लेखी तो माणूस धुऊन निघाला, आणि त्याच्याबरोबर माझा हातही धुऊन गेला. झालंच नाही जणू काही. ती सकाळ, ती भाकरीची चौकशी, सगळं पुसून पाटी कोरी. एवढ्या वर्षांत तू एकदाही म्हणाला नाहीस की दाजींनी वाईट केलं.

म्हणालास ते कधी, तर विषमज्वरानं आडवा झाल्यावर. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. मी पेज घेऊन बसले होते आणि बोलू नकोस म्हणत होते, तर तुला तेव्हाच विषय काढायचा.

"अक्का, तुला वाटतं मी त्यांना सोडून देतोय."

"पेज पी."

"शिक्षा झाली की माणूस सुटतो. तुरुंगातून बाहेर आला की मोकळा, पुन्हा काही वाटायला नको. मला ते तसे सुटायला नकोत." तू ओठांवरून जीभ फिरवलीस. "त्यांनी तुला विचारलं होतं ना, भाकरी का नाही थापली? त्याचं उत्तर त्यांना कळल्याशिवाय देव त्यांना आत घ्यायचा नाही. आणि ते कळणं... अक्का, त्याच्यापुढं वजरी काहीच नाही गं."

मी वाटी तुझ्या तोंडाला लावली. पेज तुझ्या गळ्यावर सांडली, आणि पुसण्यात वेळ गेला.

आता मला सांग, हे तू आधी का नाही सांगितलंस? बारा वर्षं आईची न्हाणी, माझं मनगट, परीट काय, सोनार काय, जगातले सगळे दाखले देऊन झाले, आणि जी एक गोष्ट मला ऐकायची होती ती बोलायला तुला मरणाची घटका सापडली! मास्तर कसले तुम्ही? धड्यातलं मुख्य वाक्य घंटा झाल्यावर सांगायचं? मी त्यावर बोलणार होते. मी म्हणणार होते की असं असेल तर मग बघू, विचार करते, पण एक अट आहे. अट काय ते ठरवत होते तोवर तू झोपलास, आणि दुसऱ्या दिवशी तुझा ताप डोक्यात गेला. मला "आई, पाणी गार कर" म्हणायला लागलास. अट राहून गेली.

आज शनिवार. उद्या पुनरुत्थानाचा सण. तुला मूठमाती देऊन दोन आठवडेही झाले नाहीत. मार्थाला उठवत नाही, म्हणून चुन्याचं काम मी घेतलं. मिशनच्या बोर्डिंगात मी रांधते, तिथल्या पोरींचा स्वयंपाक उरकला, कळीचा चुना आणून तसराळ्यात भिजवला, फसफसून निवला तसा फडक्यानं गाळला, चिमूटभर नीळ घातली आणि बादली घेऊन निघाले. या हातानं बादली उचलवत नाही, दुसऱ्यानं उचलली. ऊन असं की डांबरी रस्त्यावर वहाण चिकटावी. सगळ्या कबरस्तानात माणसं आपापल्या कबरी घासत होती, चुना लावत होती, पोरं पाणी आणत होती. मी थेट भिंतीकडं गेले, पदर खोचला, कुंचला बुडवला आणि तुझ्यापुढं उभी राहिले.

आणि तिथं नुसती माती, शामू. उंचवटा. वर सुकलेली फुलं. एवढ्या वर्षांत कबरीला चुना लावायचं काम मी कधी केलेलंच नव्हतं, ते तुझं. आईबाप तर गावाकडंच आहेत. माझ्या डोक्यातच आलं नाही. इसाक शेजारी येऊन उभा राहिला. त्याला हसू आलं असणार, पण आवरलं बिचाऱ्यानं. "अक्का, नव्या मातीला चुना लावत्यात व्हय? पाऊस पडंल, माती बसंल, मग वर कट्टा बांदायचा. चुना फुडल्या सणाला."

"मग हा बादलीभर कुठं ओतू?"

शहाणा माणूस. त्यानं दाजींच्या दगडाकडं बघितलं आणि दुसरीकडं निघून गेला.

तू केलेल्या कामाकडं मी पहिल्यांदा नीट बघितलं. बिननावाचा दगड, गुडघ्याएवढा. तुझे गेल्या वर्षीचे पोपडे निघालेले, खाली त्याच्या आदल्या वर्षीचा चुना, त्याच्याखाली त्याच्या आदला. मला तुझा इतका संताप आला म्हणून सांगू! जागा तू निवडलीस ती अशी की तुझ्यासाठी रडायला आले तरी गुडघा त्यांच्या दगडाला लागावा. तुझ्याकडं तोंड केलं की पाठ त्यांच्याकडं होत नाही, तेवढी जागाच नाही. जिवंतपणी मी त्यांच्या पंक्तीला बसत नव्हते म्हणून तू मेल्यावर पंक्त मांडून ठेवलीस.

मी खाली बसले. तुला काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, चांगलं, खाटेबद्दल, वेणीबद्दल. ते राहिलंच. तोंडातून निघालं ते दगडाकडं बघून निघालं. म्हटलं, "कळलं का हो, भाकरी का थापली नव्हती?"

नवऱ्याशी बोलले ते किती वर्षांनी!

मग पोपडे खरवडले आणि चुना लावला. डाव्या हातानं जमेना, म्हणून उजव्यानं, मनगट ठणकत होतं तरी. ओला चुना दगडावर पांढरा दिसतच नाही, आधीपेक्षा मळकट दिसतो. मला वाटलं, पाणी जास्त झालं की काय. जाता जाता इसाक लांबूनच म्हणाला, "वाळल्यावर दिसतंय, अक्का. थांबा जरा." मी थांबले नाही. बादली विसळली आणि घरी आले. एव्हाना वाळला असेल.

उद्या पहाटे सगळी मंडळी गाणी म्हणत कबरस्तानात येईल. मार्थाला घेऊन मलाही यावं लागेल, आणि तुझ्याजवळ उभं राहायचं म्हणजे त्यांच्याजवळ उभं राहणं आलं. लोक बघतील की दगड कुणीतरी पांढरा केलाय. बघू देत. चुन्याचा एकच हात दिलाय मी, शामू, दुसरा दिलेला नाही. माझी अट काय होती ते सांगायचं राहिलं होतं ना, ती ही : ते आत येतील तेव्हा त्यांना नुसतं कळलेलं असून भागायचं नाही, माझ्यासमोर ते उत्तर तोंडानं म्हणावं लागेल. तू आता त्यांच्या अंगालाच आहेस. विचारून ठेव.